धूर उंबऱ्याबाहेर ठेवणारी शैलावहिनी

शैलावहिनींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या भर जानेवारीत आपल्या नवऱ्याला अंगणात उभं करून त्याच्या डोक्यावर तांब्यामागून तांब्या पाणी ओतत होत्या.

ग्वाल्हेरची जानेवारी ज्यांनी काढली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दुपारपर्यंत ऊन पडत नाही, आणि पडलं तरी त्यात ऊब नसते. आम्ही त्याच आठवड्यात लष्कर भागातल्या फायर स्टेशनमागच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो होतो. माझे यजमान सुरेश आणि शेजारचे दळवी भाऊजी, दोघेही फायरमन. मी भांडी घासायला मागचं दार उघडलं, तर शेजारच्या अंगणात दोरीवर जुनी चादर टाकलेली, चादरीच्या वर भाऊजींचं डोकं, आणि स्टुलावर उभ्या वहिनी. भाऊजी नुकतेच कुठलीतरी आग विझवून आले होते. त्यांचे दात इतके वाजत होते की मला इकडे ऐकू येत होते.

"कानामागे चोळा. मानेवर. अहो, मानेवर म्हणतेय मी."

"अगं, जान घेशील का आता?"

"घेत नाही, ठेवतेय. आग तिकडे विझवलीत ना? मग घरी कशाला आणलीत?"

तेवढ्यात त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. तांब्या तसाच हातात धरून म्हणाल्या, "तू जाधवांची ना? ये, चहा घेऊन जा. ह्यांचा धूर उतरला की ठेवतेच आहे." जणू नवऱ्याला अंगणात धुणं ही घराघरातली रोजची गोष्ट आहे आणि माझ्याही घरी ती आत्ता उरकून झाली असेल.

वहिनी दिसायला काही विशेष नव्हत्या. ठेंगण्या, सावळ्या, कपाळ मोठं, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. पण त्यांच्या वागण्यात अशी एक खात्री होती की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागे. मला ते पहिल्या दिवसापासून वाटायला लागलं, आणि ते मला आवडलं नाही.

आमच्या क्वार्टरमध्ये तेव्हा रीत अशी होती की माणूस आगीवरून आला की वर्दीतच घरात यायचा, खाटेवर बसायचा, चहा प्यायचा, पोरांना मांडीवर घ्यायचा. काजळलेला चेहरा, काळं पडलेलं हेल्मेट, वर्दीला येणारा जळका वास, या सगळ्याची एक शान होती. ज्याचं हेल्मेट जास्त काळं तो जास्त मर्द. सुरेशचं हेल्मेट तर मूळ कोणत्या रंगाचं होतं ते ओळखू येत नसे. मी त्यांची वर्दी न्हाणीघरात, घरच्या कपड्यांसोबतच हातानं धुवायचे. काळं पाणी मोरीतून वाहताना बघून मला अभिमान वाटायचा.

वहिनींच्या घरी मात्र वर्दीला उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. अंगणात झाकणाचा एक मोठा पत्र्याचा टब होता, वर्दी थेट त्यात. धुवायला बसताना साडीवरून भाऊजींचा जुना सदरा, हातात रबरी मोजे, तोंडाला पंचा. त्या अवतारात त्यांना बघून स्टेशनवरची माणसं खो खो हसायची. "दळवीला बायको धुते आणि वाळतही घालते," असं सुरेश सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचे. दळवी भाऊजी नुसते हसायचे. त्यांना त्या बोलण्याचा काडीचा राग नव्हता, आणि सुरेशना नेमका त्याचाच राग यायचा.

"हे कुठून शिकलात, वहिनी?" मी एकदा विचारलं.

"शिकायचं काय त्यात?" त्या मेथी निवडत होत्या. "माझे बाबा कापडाच्या मिलमध्ये होते, रंगखात्यात. त्यांच्या उशीला निळा डाग असायचा. किती धुवा, जायचा नाही. घामच निळा यायचा माणसाचा. आई म्हणायची, आपल्याकडे साक्षात श्रीकृष्ण आहे. आम्ही पोरं हसायचो. मग बाबा खोकत खोकत गेले. त्यांचे कपडे धुणारी आई पण त्यांच्यामागे गेली." मेथीची जुडी त्यांनी उलटी केली. "तेव्हाच ठरवलं. माझ्या घरात माणूस येईल, त्याचं काम नाही येणार."

मी तसं काही ठरवलं नव्हतं. ठरवलेलं चालेल असं घरही मला मिळालं नव्हतं. तरी एकदा, वहिनींचं बघून, मी दाराबाहेर गरम पाण्याची बादली आणि टॉवेल ठेवला. सुरेश आले, बादलीकडे पाहिलं, ती ओलांडून आत आले आणि म्हणाले, "मी काय म्हैस आहे दारात भिजायला? चहा टाक." मी बादली उचलून आत आणली. त्याच वेळी भिंतीपलीकडून तांब्याचा आवाज येत होता.

खरं सांगायचं तर मला त्या आंघोळीचा हेवा नव्हता. हेवा होता त्या वेळी चालणाऱ्या बोलण्याचा. पाणी ओतता ओतता वहिनी दर वेळी एकच विचारायच्या, "आज काय जळलं?" आणि दळवी भाऊजी सांगायचे. ट्रान्सफॉर्मर होता, त्याचं तेल पेटलं होतं. रंगाचं दुकान होतं, डबे फटाक्यासारखे फुटत होते. गाद्यांचं गोदाम होतं, धूर पिवळा होता, डोळे अजून चुरचुरतायत. मग त्या म्हणायच्या, "पिवळा? मग अजून दोन तांबे." मी भिंतीच्या अलीकडे भांडी घासत हे ऐकायचे आणि त्यावरून मला कळायचं की माझाही नवरा आज त्याच गोदामात होता. कारण मी विचारलं की ते म्हणायचे, "नेहमीचीच होती." माझ्या घरातली प्रत्येक आग नेहमीचीच असायची.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण आमची मृणालही त्यांच्याकडे ओढली गेली. शाळेतून आली की दप्तर आमच्याकडे आणि ती दळवींकडे. वहिनींना दोन मुलगेच, त्यामुळे त्या तिची वेणी घालायच्या, तिला बेसनाचे चिले करून घालायच्या. माझ्या हातची वेणी तिला घट्ट वाटायला लागली.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, नई सडकेवरच्या एका दुकानाला आग लागली. रेक्झिन, फोम आणि चिकटवायच्या सोल्युशनचे डबे, असा सगळा माल. गल्ली अरुंद, दमकलची गाडी आत जाईना. स्टेशनवर तेव्हा पाठीला हवेची टाकी आणि तोंडाला मुखवटा असे संच होते, पण मोजकेच, आणि ते खराब होऊ नयेत म्हणून बहुतेक वेळ कुलपात. सुरेश ओला रुमाल तोंडाला बांधून आत गेले. आत एक म्हातारा मुनीम अडकला होता, त्याला त्यांनी खांद्यावर टाकून बाहेर आणलं. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा फोटो आला. त्या वेळी मला कुणाचाच हेवा वाटला नाही. मी तो पेपर घेऊन मुद्दाम दळवींकडे गेले.

वहिनींनी फोटो बघितला. "जाधव भाऊजींनी कमाल केली," म्हणाल्या, आणि ते मनापासून म्हणाल्या. मग विचारलं, "खोकतायत का गं?"

खोकत होते. थुंकी काळी येत होती. आदल्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा चेहरा हसरा होता, वर्दी डांबरासारखी झाली होती. त्यांनी मृणालला उचलायला हात पसरले आणि ती मागे सरकली. "बाबा, आधी आंघोळ," म्हणाली. त्यांचे हात तसेच राहिले. माणसाला जळत्या दुकानातून बाहेर काढून आलेला माणूस पोरीच्या एका शब्दानं एवढासा झाला.

वहिनींनी खोकल्याचं विचारलं आणि माझ्या मनात साठलेलं सगळं बाहेर आलं.

"माझ्या पोरीच्या डोक्यात हे काय भरवलंत तुम्ही? बापाजवळ जायला तयार नाही ती!"

"मी काही नाही भरवलं, कुंदा. तिला नाक आहे."

"तुमचं घर तुम्ही धुवा. आमच्यात लुडबुड नको."

"बरं," म्हणाल्या. मला वाटलं चिडतील, चार शब्द सुनावतील, म्हणजे मलाही सुनावता येतील. पण त्यांनी पेपराची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "हा जपून ठेव. आणि लुडबुडीचं म्हणशील तर तुझ्या घरात नाही करत आता. ऑफिसमध्ये करते."

चार दिवसांनी त्यांनी क्वार्टरमधल्या सगळ्या बायकांना गोळा केलं. मलाही बोलावलं. जायची इच्छा नव्हती, पण मागे राहून त्यांचा पराक्रम दुसऱ्यांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा स्वतः बघितलेला बरा, म्हणून गेले. दळवी भाऊजींनी टब उचलून ऑफिसच्या दारापर्यंत आणला आणि ते पसार झाले.

साहेब नवे होते, बोलायला गोड. वहिनींनी मागणी सांगितली. वर्द्या धुवायची सोय स्टेशनवर करा, ड्यूटीवरून आलेल्यांना न्हाणीघर द्या, मुखवटे कुलपातून काढा आणि वाढवा. साहेब हसले.

"भाभीजी, कपड़े धोना तो घर का मामला है। इसमें दफ्तर क्या करेगा?"

वहिनींनी टबाचं झाकण काढलं. आत नई सडकेच्या आगीतली दळवी भाऊजींची वर्दी होती, न धुतलेली, चार दिवस उन्हात कोंडलेली. त्या लहानशा खोलीत असा वास सुटला की बाबू लोक उठून उभे राहिले. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि उठून खिडकी उघडली.

"खिड़की क्यों खोल रहे हैं, साहब?" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "ये तो घर का मामला है।"

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. साहेबसुद्धा, थोड्या वेळानं का होईना, हसले. मी हसले नाही. मी त्या टबाकडे बघत होते आणि मला वाटत होतं, असलीच वर्दी माझ्या घरातही आली होती. मी तर ती त्याच दिवशी धुऊन टाकली, मुकाट्यानं, मृणालच्या फ्रॉकांबरोबर. हे मला का नाही सुचलं?

काम लगेच झालं नाही. सरकारी कामं होतात तसंच झालं, पाठपुरावा करत, बदली झालेल्या साहेबांच्या जागी आलेल्या साहेबांना पुन्हा सगळं समजावत. पण झालं. गाड्यांच्या शेडशेजारी न्हाणीघर बांधलं गेलं, वर्द्यांसाठी मोठं मशीन आलं, मुखवट्यांचे नवे संच आले. नव्या भरतीच्या पोरांना त्याचं काहीच वाटेना. ती आगीवरून आली की आपोआप आंघोळीला जायची. क्वार्टरमधल्या बायका वहिनींना 'नेताजी' म्हणायला लागल्या. सुरेश मात्र हट्टाला पेटून जुन्याच सवयीत राहिले. मुखवटा घातला की त्यांचा जीव घुसमटायचा. "इतकी वर्षं काय झालं मला?" असं विचारायचे. खरंच काही झालं नव्हतं.

मग एका सकाळी न्हाणीघरातून त्यांनी मला हाक मारली. लघवीतून रक्त गेलं होतं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मूत्राशयाचा कॅन्सर. "बीड़ी-सिगरेट?" त्यांनी विचारलं. सुरेशनी आयुष्यात कधी ओढली नव्हती. "काम क्या करते हैं?" सुरेशनी सांगितलं. "धुएँ में बहुत कुछ होता है। उसी से हुआ, ये पक्का कोई नहीं बता सकता।" त्या एका वाक्यावर मी आजवर टेकून उभी आहे. कधी ते आधार देतं, कधी नाही.

शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली. वहिनी दवाखान्यात यायच्या. डब्यात मऊ खिचडी असायची, आणि तोंडात 'मी म्हटलं नव्हतं?' असं एक अक्षर नसायचं. मी वाट बघत होते. त्यांनी ते म्हणावं म्हणजे मला त्यांच्यावर मनसोक्त रागावता येईल. पण त्या बाईनं मला तेवढंही सुख दिलं नाही. उलट सुरेशच एकदा म्हणाले, "वहिनी, जिंकलात तुम्ही."

"पैज नव्हती लागलेली, भाऊजी," त्या एकदम म्हणाल्या. "धुतल्यानं माणूस वाचतोच असं मला कुणी लिहून दिलंय? मी भित्री आहे. भीती वाटते म्हणून धुते." मग खुर्ची ओढून जवळ बसल्या. "त्या नई सडकेच्या दुकानात आत कसं होतं हो? आमच्या ह्यांनी सांगितलं, पण हे दारातच होते. आत तुम्ही होतात."

आणि सुरेश सांगायला लागले. वितळून छतावरून थेंब थेंब पडणारं फोम, पायाखाली चिकटणारी जमीन, गोडसर वास, त्या मुनीमानं त्यांचा कान कसा घट्ट पकडून ठेवला होता ते. हातवारे करत सांगत होते. मी थर्मास घेऊन दारात उभी होते. माझ्या नवऱ्याच्या तोंडून एवढी वाक्यं एका वेळी मी कधी ऐकली नव्हती. मरणाच्या दाराशी असलेल्या माणसाजवळ बसून त्याचं ऐकून घेणाऱ्या बाईचा मत्सर वाटावा, याची लाज वाटायला हवी होती. मला फक्त मत्सर वाटला.

त्या गेल्यावर मी विचारलं, "मला कधी का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. त्या आधीच घाबरलेल्या होत्या."

"आता मीही घाबरलेली आहे," मी म्हणाले. "आता सांगा."

त्यांनी सांगितलं. पुढचे जे काही महिने मिळाले त्यात, जमेल तेव्हा, एकेक आग. मी फार प्रश्न विचारले नाहीत. मृणालही येऊन बसायची, त्यांच्या हाताला टेकून. दिवाळीनंतर ते गेले.

क्वार्टर सोडायचं होतं. दर्पण कॉलनीत माझ्या भावाच्या घराशेजारी दोन खोल्या मिळाल्या. सामान बांधायला वहिनी न बोलावता आल्या आणि भांडी कागदात गुंडाळायला बसल्या. मधेच दळवी भाऊजी काहीतरी विचारायला दारात आले, धडधाकट, केस ओले, नुकती आंघोळ केलेले. त्यांना बघून मी फुटले.

"तुमचा आहे ना उभा समोर! तुम्हाला काय कळणार?"

भाऊजी गुपचूप निघून गेले. वहिनींनी मान वर केली नाही. "नाही कळणार," एवढंच म्हणाल्या, आणि पुढचं ताट गुंडाळायला घेतलं. संध्याकाळपर्यंत त्या बसून होत्या. शेवटचं पोतं त्यांनीच शिवलं.

काही वर्षांनी भाऊजी निवृत्त झाले आणि ते दोघं धाकट्या मुलाकडे इंदूरला जायला निघाले. मी आणि मृणाल रेल्वे स्टेशनवर गेलो. मृणाल आता नोकरीला लागली होती, तरी वहिनींच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली. वहिनी खिडकीशी बसल्या. शेजारी भाऊजी. त्यांच्या शर्टाची कॉलर आत दुमडली होती, ती वहिनींनी बोलता बोलता, न बघता सरळ केली. एवढंच केलं. आणि इतकी वर्षं जे मी कधी बोलले नव्हते ते माझ्या तोंडून निघून गेलं.

"वहिनी, मला तुमचा फार हेवा वाटतो. पहिल्यापासून वाटत आलाय."

मला वाटलं, त्या म्हणतील, अगं असं काय बोलतेस, प्रत्येकाचं नशीब असतं. सगळे तेच म्हणतात. वहिनींनी खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं.

"माहितेय मला," म्हणाल्या. "वाटणारच. तुझ्या जागी मी आणि माझ्या जागी तू असतीस, तर मला तुझं तोंडही बघवलं नसतं. तू निदान सोडायला येऊन उभी आहेस."

गाडी सुटेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही.

आता त्यांचा फोन येतो. आधी मृणालची चौकशी, मग माझ्या गुडघ्यांची. वर्षातून एकदा त्या भाऊजींना तपासणीला नेतात, कारण धूर त्यांनीही खाल्लाय आणि तो कधी वर येईल याचा नेम नाही, असं त्या म्हणतात. त्या आठवड्यात त्यांचा आवाज वेगळा असतो, बारीक. रिपोर्ट हाती आला की पहिला फोन मला करतात. मुलाला नंतर. "कुंदा, साफ आहे गं," म्हणतात, आणि मला फार बरं वाटतं. खरोखर बरं वाटतं. "देवाची कृपा," मी म्हणते, भाऊजींना नमस्कार सांगते, फोन ठेवते. मग मृणालला कळू नये म्हणून मी स्वयंपाकघरात जाते आणि नळ सोडून थोडा वेळ तिथे नुसती उभी राहते.